पहाऱ्याचे दिवे

डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. त्या गावात एक शाळा होती, आणि त्या शाळेला स्वतःची वीज होती.

शाळेच्या वर टेकाडावर दगडी टाकी होती. झऱ्याचं पाणी तिच्यात साठायचं, नळातून खाली धावायचं आणि शाळेमागच्या खोलीतलं जनित्र फिरवायचं. शाळेत जितके दिवे जास्त, तितकं पाणी जास्त वाहायचं. टाकी आटली की सगळंच बंद.

त्या वर्षी थंडी सरेपर्यंतच झरा बारीक झाला. हेडमास्तरांनी मुलांना मैदानात उभं केलं आणि लांबलचक भाषण ठोकलं.

"वीज वाचवा! जो वर्ग जिंकेल त्याला ही चांदीची ढाल. ज्याच्या रिकाम्या वर्गात दिवा जळताना दिसेल, त्याच्या दारावर लाल पताका. आणि जो त्याला पकडून देईल, त्याच्या दारावर पिवळी. ज्याच्या पिवळ्या जास्त, तो जिंकला."

त्यांनी फाटकावर मोठा फलक लावला: 'वीज वाचवा'. येणाऱ्याजाणाऱ्याला नीट वाचता यावा म्हणून त्याच्यावर एक भला मोठा दिवा बसवला. तो भर उन्हातही जळत असे. याबद्दल कोणत्याही शिक्षकाने चकार शब्द काढला नाही.

मुलं मात्र हुशार होती. दिवा बंद करून काहीच मिळत नाही, दुसऱ्याला पकडून दिलं की पिवळी पताका मिळते, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. पाचवीचा वर्ग खेळायला गेला की सहावीतलं कुणीतरी हळूच आत शिरायचं, बटण दाबायचं आणि धावत हेडमास्तरांकडे जायचं. "सर, पाचवीत दिवा चालू आहे!" दुसऱ्या दिवशी पाचवीवाले तेच करायचे. चुगलीला बक्षीस मोठ्यांनी लावलं होतं आणि मुलं धडा मन लावून गिरवत होती.

सातवीत शेवंता नावाची मुलगी होती. तिची कोंबडी अंड्यांवर बसलेली असतानाच मुंगसाने नेली. अंडी उबवायला बसेल अशी दुसरी खुडूक कोंबडी गावात नव्हती. म्हणून शेवंताने अंडी टोपलीत घालून शाळेत आणली आणि प्रयोगशाळेतल्या उबवणी पेटीत ठेवली. पेटीत एक छोटा दिवा होता. त्याची ऊब अखंड मिळाली, तरच पिल्लं निघणार होती.

एका दुपारी टाकी आटली आणि पेटी गार पडली. झऱ्याने पुन्हा थोडं पाणी भरेपर्यंत शेवंता अंड्यांवर आपली शाल धरून बसली.

"हे आठवीचं काम आहे, मुद्दाम दिवे लावून टाकी आटवली त्यांनी," ती म्हणाली. "ढाल आपल्याला मिळेल, हे त्या भिवाला बघवत नाही."

भिवा आठवीचा मॉनिटर. त्याच्या कानावर हे गेलं, तसा तो तरातरा आला. "आमचं काम? तुझ्या कोंबडीला मुंगसाने नेलं, तेही मीच धाडलं होतं का?"

"तुझा काय भरवसा!"

त्या दिवसापासून शाळेत कुणाचा कुणावर विश्वास उरला नाही. प्रत्येक वर्गाने पहारा बसवला. चोरपावलांनी कुणी येऊ नये म्हणून दाराशी दिवा लावला, व्हरांड्यात दिवा लावला, कोपऱ्यातही लावला. आठवीच्या पहारेकऱ्यांवर नजर ठेवायला सातवीने आणखी पहारेकरी नेमले. अंड्यांना कुणी हात लावू नये म्हणून शेवंताने प्रयोगशाळेतले सगळे दिवे लावून ठेवले. पाणी प्यायला निघालेल्या मुलालाही "कुठे चाललास?" असं विचारलं जाऊ लागलं.

आणि टाकी आधीपेक्षाही लवकर आटू लागली.

"बघा! आता टाकीवरूनच कुणीतरी पाणी सोडतंय," शेवंता म्हणाली. "मी आज त्याला पकडतेच."

त्या दिवशी आभाळ अवेळीच भरून आलं होतं. दुपारीच तिन्हीसांज झाल्यासारखं वाटत होतं. शेवंता टेकाड चढली आणि करवंदीच्या जाळीआड दबा धरून बसली. कुणी आलं नाही. टाकीजवळ एक सरडा तेवढा होता. तरी पाणी तिच्या डोळ्यांदेखत खाली जात होतं. टाकीच्या आतल्या भिंतीवरची ओली रेघ रुंद होत चालली होती.

मग चोर कुठे आहे?

ती उठून उभी राहिली आणि तिने खाली शाळेकडे पाहिलं. काळवंडलेल्या डोंगरात शाळा एखाद्या लग्नमांडवासारखी झगमगत होती. व्हरांडा, जिना, रिकामे वर्ग, सगळीकडे दिवे. फाटकावरचा तो भला मोठा दिवाही होता. पण सर्वांत जास्त उजेड एकाच खिडकीत होता. ती खिडकी प्रयोगशाळेची होती.

शेवंता धावत खाली आली. "दिवे बंद करा! सगळे! टाकीवर कुणी नाही. आपणच पाणी संपवतोय!"

भिवाने डोळे बारीक केले. "तू टाकीवर गेली होतीस? एकटी? कशाला?"

"चोर पकडायला."

"म्हणजे चोर तूच."

"बरं, मीच चोर. आता तरी दिवा बंद कर."

"आधी तू कर! आमचा बंद झाला की पळत जाऊन पताका आणशील. ओळखतो मी तुला."

शेवंता प्रयोगशाळेत गेली. तिच्या वर्गातल्या मुली बटणांसमोर आडव्या उभ्या राहिल्या. "वेडी झालीस का? अंधारात आठवीवाले पेटी बंद करून जातील!"

शेवंताचा हात बटणापाशी थबकला. मुलींचं म्हणणं खरं ठरू शकत होतं. पण दिवे चालू ठेवले, तर पेटी नक्कीच बंद पडणार होती.

"गेले तर गेले," ती म्हणाली आणि तिने एकेक करून सगळे दिवे मालवले. पेटीतला छोटा दिवा तेवढा राहिला. मग तिने पहारेकरी मुलींना बाहेर पाठवलं, दार सताड उघडं ठेवलं आणि स्वतः भिंतीला टेकून बसली.

थोड्या वेळाने भिवा दारात आला. यात काहीतरी डाव आहे अशी त्याची खात्री होती. त्याने दारामागे पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. डाव सापडेना. तेवढ्यात पेटीतून बारीक टकटक ऐकू आली. त्याने कान लावला.

"शेवंते," तो कुजबुजला, "आतून चोच मारतंय गं कुणीतरी."

आणि लगेच तो बाहेर धावला. "ए आठवी! दिवे बंद करा रे! चल, व्हरांड्यातला पण!"

आठवीने दिवे मालवले, म्हणून सहावीने मालवले, मग पाचवीने. हेडमास्तर ओरडत आले. "अंधार कुणी केला? नाव सांगा त्याचं!"

आज पहिल्यांदाच कुणी कुणाचं नाव सांगितलं नाही. सगळी मुलं फक्त फाटकाकडे पाहत राहिली. हेडमास्तरांनीही वळून पाहिलं. तिथे त्यांचा फलक एकटाच लखलखत होता.

 मग ते स्वतः चालत गेले आणि त्यांनी तो दिवा बंद केला.

टाकीत उरलेलं पाणी पेटीला पुरलं. सकाळी काही अंड्यांतून ओली, थरथरती पिल्लं बाहेर आली. काही अंडी मात्र तशीच राहिली. ती मधल्या भांडणात गार पडून गेली होती. शेवंताने आणि भिवाने ती करवंदीच्या जाळीखाली पुरली.

पताका उतरल्या. ढाल कुणालाच मिळाली नाही. पण तिची पाठ चांगली खोलगट होती. शेवंताने ती उलटी ठेवली, तिच्यात पाणी घातलं आणि पिल्लं तिच्याभोवती गोळा होऊन पाणी पिऊ लागली.

तात्पर्य एवढंच: दुसऱ्याच्या दिव्यावर पहारा ठेवून वीज वाचत नाही, ती आपल्या हाताजवळचं बटण आधी बंद केल्याने वाचते, आणि हे मुलांना शिकवणाऱ्या मोठ्यांनाही लागू आहे.