टिकलीचा फुटाणा आणि गरगर फिरणारं इंजिन

ए, ऐक ना! ऐक, ऐक, ऐक! आधी इकडे ये. मांडी घालून बस. आत्ता काय झालं माहितीये? गफूरचाचांच्या गॅरेजमध्ये? नाही ना माहीत? मग ऐक तर!

एक होती उंदरी. एवढीश्शी! कपाळावरच्या टिकलीएवढी. म्हणून तिचं नाव टिकली.

टिकली कधी चालायचीच नाही. नुसत्या उड्या! टुणुक टुणुक! टुणुक टुणुक! जेवताना टुणुक. झोपेत टुणुक. ती थांबली तरी तिचं शेपूट टुणुक टुणुक!

टिकलीचं घर कुठे? गॅरेजच्या कोपऱ्यात, जुन्या टायरच्या आत. घरात आई. आईच्या कुशीत बाळ. आणि आज बाळाचं काय होतं? उष्टावण! बाळाला पहिला दात आला होता. एकच हं! आज बाळ पहिल्यांदा खाऊ खाणार होतं.

म्हणून टिकलीने आणला एक फुटाणा. गोल गोल, पिवळा पिवळा, खरपूस! तोंडात धरला आणि निघाली घरी. टुणुक टुणुक!

वाटेत एक निळी गाडी. गाडीचं बॉनेट उघडं. टिकली म्हणाली, "चला, वरूनच जाऊ!" चढली वर. टुणुक टुणुक! तेवढ्यात नाकात गेली धूळ. आ... आ... आक्छी!

फुटाणा उडाला. टण! टण! टण! आणि गडप!

कुठे गेला? पुलीच्या मागे. पुली म्हणजे काय? अरे, इंजिनाच्या बाजूला असतं ना एक गोल गोल, त्याच्यावर पट्टा फिरतो, तीच पुली! तिच्या मधोमध एक मोठ्ठा बोल्ट. आणि मागे अडकला फुटाणा.

टिकलीने हात घातला. पोचेना. शेपूट घातलं. पोचेना. तिकडे टायरमध्ये बाळ रडायला लागलं. चीं चीं चीं!

टिकली म्हणाली,

"पुलीआजी, पुलीआजी, हल ना जरा!
फुटाणा मिळेना, उष्टावण होईना!"

पुलीआजी म्हणाली, "अगं बाळा, मला तर हलायचंच आहे! मी झाले म्हातारी. डगडग डगडग करते. माझ्या जागी नवी पुली आणलीये चाचांनी. पण हा बोल्ट मला सोडतोय कुठे? बोल्ट सुटला तर मी हलेन. आधी त्याला विचार."

टिकली गेली बोल्टाकडे. टुणुक टुणुक!

"बोल्टदादा, बोल्टदादा, सूट ना जरा!
पुली हलेना, फुटाणा मिळेना.
फुटाणा मिळेना, उष्टावण होईना!"

बोल्टदादा म्हणाला, "नाही सुटत जा! मी तरी काय करू? हे बघ."

गफूरचाचांनी बोल्टाला लावला पाना. लांबच्या लांब दांड्याचा. आणि लावला जोर. हेऽऽऽ हुप्प!

बोल्ट फिरला. पण पुली पण फिरली. आणि आख्खं इंजिन पण फिरलं. गर्रर्र!

"या अल्ला!" चाचा म्हणाले. "सगळंच फिरतंय की!"

आता मला सांग, बाटलीचं झाकण उघडताना बाटलीच फिरली, तर झाकण उघडेल का? नाही ना? तस्संच!

बोल्टदादा म्हणाला, "बघितलंस? इंजिन गप्प बसलं तर मी सुटेन. आधी त्याला विचार."

टिकली गेली इंजिनाकडे. टुणुक टुणुक!

"इंजिनआजोबा, इंजिनआजोबा, गप्प बसा ना जरा!
बोल्ट सुटेना, पुली हलेना.
पुली हलेना, फुटाणा मिळेना.
फुटाणा मिळेना, उष्टावण होईना!"

इंजिनआजोबा म्हणाले, "गप्प? मी? खॅ खॅ खॅ! अगं, कुणी फिरवलं की फिरायचं, एवढंच मला येतं! गिअरने धरलं तर मी गप्प बसेन. आधी त्याला विचार."

टिकली गेली गिअरकडे. टुणुक टुणुक!

"गिअरमामा, गिअरमामा, धर ना जरा!
इंजिन गप्प बसेना, बोल्ट सुटेना.
बोल्ट सुटेना, पुली हलेना.
पुली हलेना, फुटाणा मिळेना.
फुटाणा मिळेना, उष्टावण होईना!"

गिअरमामा म्हणाला, "धरलं असतं गं! चाचांनी गाडी गिअरमध्ये टाकूनसुद्धा ठेवलीये. पण माझा एक हात इंजिनाच्या हातात, दुसरा चाकाच्या हातात. चाक फिरलं की मी पण फिरतो. चाक थांबलं तर मी धरेन. आधी त्याला विचार."

टिकली गेली चाकाकडे. टुणुक टुणुक! गाडी होती जॅकवर. चाक होतं हवेत.

"चाकभाऊ, चाकभाऊ, थांब ना जरा!
गिअर धरेना, इंजिन गप्प बसेना.
इंजिन गप्प बसेना, बोल्ट सुटेना.
बोल्ट सुटेना, पुली हलेना.
पुली हलेना, फुटाणा मिळेना.
फुटाणा मिळेना, उष्टावण होईना!"

चाकभाऊ म्हणाला, "थांबू? आत्ता? हॅट! आज पहिल्यांदा हवेत आलोय! खाली खड्डा नाही, चिखल नाही, कसली मज्जा येतेय! ब्रेकने आवळलं तर मी थांबेन. आधी त्याला विचार."

टिकली गेली ब्रेककडे. टुणुक टुणुक!

"ब्रेककाका, ब्रेककाका, आवळा ना जरा!
चाक थांबेना, गिअर धरेना.
गिअर धरेना, इंजिन गप्प बसेना.
इंजिन गप्प बसेना, बोल्ट सुटेना.
बोल्ट सुटेना, पुली हलेना.
पुली हलेना, फुटाणा मिळेना.
फुटाणा मिळेना, उष्टावण होईना!"

ब्रेककाका म्हणाले, "आवळतो की! चांगला करकचून आवळतो! पण आपला आपण नाही हं. वरून कुणीतरी दाबायला लागतं. पाय टेकला तर मी आवळेन. आधी त्याला विचार."

पाय? कुणाचा पाय?

तेवढ्यात गफूरचाचांनी हाक मारली, "ओ हौसाताई! जरा येता का? ब्रेक दाबून धरायचाय!"

हौसामावशी म्हणजे शेजारच्या इस्त्रीवाल्या. त्या म्हणाल्या, "आले, आले! एवढी एक कॉलर होऊ दे!"

मावशी आल्या. चपला काढल्या बाहेर.

"अहो ताई, चपला राहू द्या की!"

"छे हो गफूरभाई! लोकांची चकाचक गाडी ती!"

मावशी बसल्या सीटवर. पाय उघडा. बोटात जोडवी. पाय टेकला ब्रेकवर. टिकली धावली पायाकडे. टुणुक टुणुक! टुणुक टुणुक!

"धरलात का ताई?"

"धरला! लावा जोर!"

हेऽऽऽ हु...

"ई ई ई! हीहीहीही!" मावशींनी पाय घेतला वर. आणि गर्रर्र!

"काय झालं ताई?"

"अहो, गुदगुल्या! पायाला काहीतरी लागलं!"

टिकली म्हणाली,

"पायोबा, पायोबा, टेक ना जरा!
ब्रेक आवळेना, चाक थांबेना.
चाक थांबेना, गिअर धरेना.
गिअर धरेना, इंजिन गप्प बसेना.
इंजिन गप्प बसेना, बोल्ट सुटेना.
बोल्ट सुटेना, पुली हलेना.
पुली हलेना, फुटाणा मिळेना.
फुटाणा मिळेना, उष्टावण होईना!"

पायोबा म्हणाला, "टेकतो की! पण इथे टुणुक टुणुक कोण करतंय? कुणाचं शेपूट मला लागतंय? किती गुदगुल्या! ती टिकली गप्प बसली तर मी टेकेन. आधी तिला विचार."

टिकलीने इकडे बघितलं. टिकलीने तिकडे बघितलं. टिकली? कुठली टिकली?

अय्या! टिकली म्हणजे मीच की!

मग टिकलीने विचारलं टिकलीला,

"टिकले, टिकले, गप्प बस ना जरा!
पाय टेकेना, ब्रेक आवळेना.
ब्रेक आवळेना, चाक थांबेना.
चाक थांबेना, गिअर धरेना.
गिअर धरेना, इंजिन गप्प बसेना.
इंजिन गप्प बसेना, बोल्ट सुटेना.
बोल्ट सुटेना, पुली हलेना.
पुली हलेना, फुटाणा मिळेना.
फुटाणा मिळेना, उष्टावण होईना!"

आणि टिकली काय म्हणाली? टिकली म्हणाली, "बसते!"

बसली. एक पाय दुमडला. दुसरा पाय दुमडला. आता हलायचं नाही!

नाकाला खाज आली. नाही खाजवलं!
कानाशी माशी आली. गुंऽऽऽ. नाही हलली!
पण शेपूट? शेपूट ऐकेना! हळूच म्हणालं, टु... टु...

टिकलीने काय केलं? दोन्ही हातांनी शेपूट पकडलं. पोटाशी घेतलं. घट्ट! घट्ट! घट्ट!

मावशींनी खाली वाकून बघितलं. "अगं बाई! बघा तरी, कशी शेपूट धरून बसलीये!"

"कोण बसलंय ताई?"

"कोणी नाही हो! तुम्ही लावा जोर!"

श्श्श...

टिकली गप्प बसली, पाय टेकला.
पाय टेकला, ब्रेक आवळला.
ब्रेक आवळला, चाक थांबलं.
चाक थांबलं, गिअरने धरलं.
गिअरने धरलं, इंजिन गप्प बसलं.

हेऽऽऽ हुप्प! हेऽऽऽ हुप्प! कर्रर्र... कट्ट!

बोल्ट सुटला!
बोल्ट सुटला, पुली हलली.
पुली हलली, आणि मागून... टप्प!

फुटाणा! फुटाणा! फुटाणा!

पुलीआजी म्हणाली, "हुश्श! आता मी मस्त आराम करते." तिच्या जागी नवी पुली बसली. बोल्ट परत घट्ट करायचा होता. तेव्हा पण सगळे गप्प बसले बरं का! पण टिकली कुठे होती? टिकली केव्हाच फुटाणा घेऊन सुटली होती. टुणुक टुणुक! टुणुक टुणुक! थेट टायरमध्ये!

आईने बाळाला मांडीवर घेतलं. टिकलीने फुटाणा बाळाच्या तोंडाशी धरला. बाळाने आऽऽ केलं. एक दात. एक फुटाणा. आणि...

कुट्टुक!

झालं उष्टावण! बाळ हसलं. गालाला पीठ, नाकाला पीठ. आईने टिकलीचा एक पापा घेतला, बाळाचा एक पापा घेतला, आणि परत टिकलीचाच घेतला.

आता तू सांग. तिकडे बाळ रडतंय. इकडे माशी गुणगुणतेय. नाकाला खाज येतेय. आणि तुला आहे एक शेपूट, ते काही केल्या ऐकत नाहीये. तर तू काय केलं असतंस?