पाटलांचा बिनभोकाचा डबा

"म्हंजे खोट माझ्या मातीत हाय म्हणता?"

बळवंतराव नखाते पाटलांचा आवाज असा चढला, की तकियाच्या कुडावर बसलेली साळुंकी उडून गेली.

लतीफशा फकीर आपल्या सब्जाच्या डब्यातली वाळकी पानं खुडत बसला होता.

तकिया म्हणजे या फकिराची झोपडी, पुढं ओटा आणि अंगणभर डबेच डबे. तेलाचे, रंगाचे, एक फुटकी घागर, एक गंजलेलं घमेलं. त्यांतून सब्जा, पुदिना, मिरची, कढीपत्ता नुसता उतू चालला होता.

पाटलांना ते बघवत नव्हतं. त्यांच्या पुढ्यातही एक डबा होता. त्यात वीतभर लिंबोणीचं रोप, आणि त्याची पानं हळदीसारखी पिवळी.

हे रोप साधं नव्हतं. जुन्या कान्हेवाडीत पाटलांच्या विहिरीवर त्यांच्या आईनं लावलेली लिंबोणी होती. आजारी माणसाला सरबत असो की लग्नाची पंगत, लिंबू हवं की अख्खं गाव तिथंच यायचं. पुढं धरण झालं. गाव गेलं, विहीर गेली, लिंबोणीच्या शेंड्यावरूनही पाणी गेलं. गयाबाईंनी, म्हणजे पाटलांच्या बायकोनं, शेवटच्या लिंबांच्या बिया तेवढ्या पदराच्या गाठीला बांधून आणल्या. त्यातली तीन रोपं जगली. दोन पाटलांच्या डब्यांत मेली. हे राहिलेलं. हे गेलं की संपलं.

आणि नवी कान्हेवाडी वसवली कुठं, तर मुरमाच्या माळावर. कुदळ मारली तर कुदळच मागं उडावी, असली जागा. ज्या कुणी नकाशावर बोट ठेवून ती निवडली, त्यानं जन्मात मेथीचे चार दाणे पेरले नसणार.

पण पाटील म्हणजे पाटील. शेत बुडायच्या आधी त्यांनी ट्रॅक्टर भरून आपली काळी माती वर आणली. दारापुढं ताडपत्री अंथरून तिचा ढीग घातला, वरून दुसरी ताडपत्री झाकली. माळाचा एक खडा तिला लागलेला त्यांना खपत नसे. जावयाचा चपलेसकट पाय त्या ढिगाला लागला, तर ऐन दिवाळीत त्यांनी त्याला फैलावर घेतलं.

जमिनीत काही येत नाही म्हणून डबे आणले. डब्यांत ही माती भरली. आणि त्या सोन्यासारख्या मातीत काहीच जगेना! मेथी सडली, तुळस काळी पडली. पाटलांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, ती उतरायचं नावच घेत नव्हती.

आता गयाबाईंनी अन्नपाणी सोडायची धमकी दिली म्हणून ते इथं आले होते. एरवी कुणाला विचारायला जाणाऱ्यातले ते नव्हते.

"खोट म्हणलं न्हाई मी," लतीफशा म्हणाला. "डब्याला भोकं किती पाडली, एवढंच इचारलं."

"एकबी न्हाई."

"का?"

"का म्हंजे? पाण्याबरुबर माती वाहून जाईल की! जिवाचं रान करून आणलीया ती. तिचा कण वाया जाऊ देनार न्हाई मी."

लतीफशानं मान हलवली. मग डब्यातली माती बोटानं दाबून बघितली.

"पाणी घालता?"

"सकाळ-संध्याकाळ. तांब्या भरून. सोता."

"वर साचतं?"

"साचतं. मग हळूहळू जिरतं."

"सगळं उपसा," लतीफशा म्हणाला. "बुडाला भोकं पाडा. निम्मी तुमची माती घ्या. बाकी निम्म्यात कुजलेलं शेणखत अन् मुरूम."

पाटील ताडकन उभे राहिले.

"मुरूम?"

"हा अंगणातला चालंल."

"माझ्या आईची लिंबोणी मी मुरमात लावू? ह्या माळावर कुसळ उगवत न्हाई, बाबा! अन् ही माती ठावं हाय का कसली हाय? हिच्यात कापूस छातीला लागायचा. जवारीत शिरलेला माणूस दिसायचा न्हाई. अन् तिच्यात मी हे दगडगोटे कालवू? ही भेसळ झाली. दुधात पाणी घालणाऱ्याला आमी चावडीवर उभा करत हुतो!"

"शेतात चांगलीच हुती ती."

"मग डब्यात काय धाड भरली तिला?"

"शेतात खाली जमीन हुती, पाटील. हितं पत्रा हाय."

एवढ्यावर पाटलांनी गप्प बसायला हवं होतं. पण आतली जळजळ एकदा तोंडापर्यंत आली की कुणाची राहते? धरणाचा, नकाशावाल्यांचा, पिवळ्या पानांचा, साऱ्यांचा राग त्या बिचाऱ्या फकिरावर निघाला.

"तुमाला काय जातंय सांगायला? ज्याचं बुडालं त्याला कळतं! फकिराचं काय बुडतंय? झोळी उचलली की चालला!"

लतीफशाचा पानं खुडणारा हात थांबला.

…

शब्द तोंडातून निघतानाच पाटलांना कळलं होतं, की हे बोलायला नको होतं. पण बोललेलं मागं घ्यायची सवय नव्हती. ते तसेच ताठ उभे राहिले.

"माझ्या उस्तादांची मजार हुती खाली, जुन्या गावात," लतीफशा म्हणाला. "वढ्याच्या काठाला, चिंचंपाशी."

पाटलांना चिंच आठवली. मजारीचा चुना दिलेला कट्टा आठवला. दर उरुसाला तिथं मलिदा त्यांच्याच घरून जायचा. आणि आपण हे साफ विसरलो होतो, याची त्यांना लाज वाटली. लाज वाटली म्हणून ते अजूनच चिडले.

"मग तुमी काय आणलं तिथनं?"

"मूठभर माती."

"कुठं हाय?"

"डब्यात टाकली."

"कुठल्या?"

लतीफशानं सगळ्या अंगणावरून सावकाश नजर फिरवली.

"आता सांगता येत न्हाई. दर उन्हाळ्यात समदे डबे उपसतो. खत घालतो, मुरूम घालतो, कालवतो, परत भरतो."

"म्हंजे हरवली!" पाटील ओरडले. "उस्तादाची माती तुमी हरवून बसला, अन् मला शिकवताय!"

लतीफशा उठला. कुडात खुपसलेला एक मोठा खिळा काढला. पायाजवळचा धोंडा उचलला. पाटलांना काय होतंय ते कळायच्या आत त्यानं त्यांचा डबा आडवा केला, मांडीला टेकवला आणि बुडाच्या कडेला खिळा लावून धोंडा हाणला.

ठण्!

"अरं ए! माझी माती!"

खिळा निघाला तशी काळ्या पाण्याची धार लागली. पाटील, गावानं ज्यांच्यापुढं मान वर केली नाही ते पाटील, धावत येऊन गुडघ्यावर बसले आणि त्यांनी धारेखाली ओंजळ धरली. कण जाऊ द्यायचा नव्हता ना!

ओंजळ भरली. धार चालूच.

आणि मग वास आला.

पाटलांनी नाक वाकडं केलं. ओंजळ जवळ घेऊन पुन्हा हुंगली. शेतातल्या मातीचा वास त्यांना झोपेतसुद्धा ओळखता आला असता. हा तो नव्हता. आंबलेला, कुजका, गटाराचा होता.

"हे… हे काय झालं हिला?"

लतीफशानं डब्यात बोटं घातली. रोप अलगद बाहेर काढलं आणि पाटलांच्या डोळ्यांपुढं धरलं. मुळं काळी पडली होती. चिमटीत धरली की साल गळून येत होती. एकच मूळ, अगदी वरच्या अंगाला, पांढरं होतं.

पहिल्यांदाच त्याचाही आवाज चढला.

"धरणानं गाव एकदा बुडवलं, पाटील. तुमी रोज बुडवताय. सकाळ-संध्याकाळ, तांब्या भरून!"

पाटलांची नजर त्या काळ्या मुळांवरून हातातल्या पाण्याकडं आली.

ओंजळ आपोआप सुटली. काळं पाणी अंगणातल्या मुरमावर पडलं आणि पडलं तिथंच जिरून गेलं. पाटील त्या ओल्या डागाकडं बघत राहिले. डोळे भरून आले होते आणि त्याचाही त्यांना संताप येत होता.

लतीफशानं रोपाची सडकी मुळं नखानं खुडून टाकली. जे पांढरं मूळ होतं, त्यावर ओलं फडकं गुंडाळलं आणि रोप सावलीत ठेवलं. मग डब्यातली माती ओट्यावर पालथी केली. ती डब्याच्याच आकाराची निघाली, एकसंध, चिकट, कच्च्या विटेसारखी. त्यानं ती काही फोडली नाही. तशीच पाटलांपुढं सरकवली आणि आपला सब्जा खुडायला बसला.

पाटील बाह्या सरसावून ओट्यापाशी बसले.

मग पाटलांनी ढेकूळ हातात घेतलं. दाबलं. फुटेना. दोन्ही हातांनी दाबलं, तेव्हा फुटलं. फोडता फोडता ते पुटपुटत होते. धरणाला शिव्या, नकाशावाल्याला शिव्या, एखादी फकिरालाही. लतीफशानं शेणखताचं टोपलं पायानं त्यांच्याकडं ढकललं. तेही पाटलांनी मातीत कालवलं.

राहिला मुरूम.

या माळावर राहायला आल्यापासून त्या मुरमाला त्यांनी हात लावला नव्हता. पायात वहाण असल्याशिवाय ते त्यावर उतरतही नसत. आता त्यांनी बसल्या जागेवरून हात लांब केला. तांबडे, खरबरीत खडे मुठीत आले. पाटलांनी मूठ काळ्या मातीवर धरली. पण ती उघडत नव्हती.

"किती घालू?" त्यांनी विचारलं. आवाजातली धार अजून गेली नव्हती.

"राग असंल तेवढा."

पाटलांनी पुढ्यातल्या मातीकडं बघितलं. रिकाम्या डब्याकडं बघितलं. मग मान वळवून माळाच्या खाली बघितलं. तिथं धरणाचं पाणी दूरवर उन्हात चमकत पसरलं होतं.

"राग लई हाय, बाबा."

लतीफशानं मान वर केली नाही.

"मग डबा मोठा घ्या."