शाळेवरचे पत्रे

नगरकडच्या एका गावात ख्रिस्ती मंडळींनी मुलींच्या शाळेवर छप्पर घालायला घेतलं होतं. पावसाळा आठवड्यावर आलेला. बुधवारी सकाळच्या प्रार्थनेत पाहुणे उपदेशक रेव्हरंड आढाव गरजले, "प्रभूचं येणं दाराशी ठेपलंय! जग बुडायच्या वेळी पत्रे कसले ठोकता? काम बंद!"

एवढ्या मोठ्या माणसापुढं बोलणार कोण? सालोमीबाईच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या दोन नाती गेला पावसाळाभर त्या शाळेत भिजत शिकल्या होत्या. ती तडक उभी राहिली.

"साहेब, प्रभू येणार तो कोण म्हणून?"

"वर म्हणून! शास्त्र वाचत नाही का, बाई?"

"अन् आपली मंडळी?"

"त्याची वधू!"

"म्हणजे आपण मुलीकडचे. मग वऱ्हाड वेशीत आलं म्हटल्यावर मुलीकडचे मांडव घालतात, का घातलेला सोडतात?"

चर्चमध्ये हशा पिकला. बाया टाळ्या पिटू लागल्या.

"पण आता वेळ कुठं उरलाय?" रेव्हरंड पुटपुटले.

"म्हणूनच म्हणते, लवकर चला. तुम्ही शिडी धरा."

रेव्हरंडांनी कोट काढून खुंटीला अडकवला आणि शिडी धरली.