तबीची पहिली मूठ

फार फार वर्षांपूर्वीची नाही ही गोष्ट. तशी असती, तर मला कशी आठवली असती? मोगरवाडीत तेव्हा वीज नुकतीच आली होती, चर्चची घंटा दोरीनं वाजायची, आणि चर्चच्या मागे एक बाग होती. आता तिथे पत्र्याची शेड आहे आणि शेडमध्ये खुर्च्या आहेत. खुर्च्या लागतात, मी नाही म्हणत नाही. पण त्या बागेत पिवळी शेवंती होती, पांढरी शेवंती होती, लालभडक कर्दळ होती, जुईचा मांडव होता. थंडीच्या सकाळी पाकळीपाकळीच्या टोकाला दवाचा चिमुकला मणी लटकायचा आणि ऊन आलं की सगळी बाग लुकलुकायची. त्या बागेची आठवण झाली की मला अजून भरून येतं.

त्या गावात तबिथा नावाची एक मुलगी राहायची. सगळे तिला तबी म्हणायचे. तिचा फ्रॉक इतक्यांदा धुतला होता की त्याच्यावरची गुलाबी फुलं पांढरी झाली होती. तिचे बाबा, शांतवन, गवंडी होते. पण पावसानं दगा दिला होता आणि त्या साली कुणी घर बांधायला काढत नव्हतं. आई लोकांच्या शेतात कांदे खुरपायला जायची. घरात कधी भाकरी असायची तर कालवण नसायचं, आणि कालवण असलंच तर त्यात डाळ शोधावी लागायची.

तरी एक गोष्ट तबीच्या घरी कधी चुकली नाही. आमच्या चर्चच्या मंडळीची रीतच होती तशी. चूल पेटली की पिठातली, तांदळातली पहिली मूठ एका छोट्या मडक्यात टाकायची. तिला म्हणायचं देवाची मूठ. रविवारी सगळ्या घरांची मडकी चर्चमधल्या मोठ्या टोपलीत रिकामी व्हायची आणि टोपली जायची ज्याच्या घरी चूल थंड असेल त्याच्याकडे. मूठ टाकायचं काम तबीचं. तिची मूठ ती केवढीशी! पण भरून टाकायची, कमी नाही.

गरिबीचं तबीला फारसं दुःख नव्हतं. तिचं दुःख वेगळंच होतं.

आजोबा होते तेव्हा रोज संध्याकाळी त्यांच्या घरी उपासना व्हायची. बाबा पेटी वाजवायचे आणि बाबांची मोठी बहीण, हन्नाआत्या, गायची. आत्यानं सूर लावला की रस्त्यानं जाणारा सायकलवाला खाली उतरायचा. मग आजोबा देवाघरी गेले आणि पेटी कुणाची यावर बहीणभावांची जुंपली. ही म्हणे, सूर माझा. तो म्हणे, बोटं माझी. बोलणं बंद झालं. बाबांनी अंगणाच्या मधोमध भिंत घातली. भिंत मात्र काय सुरेख बांधली हो! ओळंब्यात तसूभर फरक नाही. पेटी राहिली भिंतीच्या पलीकडे, बोटं राहिली अलीकडे, आणि गाणं दोन्हीकडून गेलं.

चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत मेजावरची भाकर वाटून घेण्याच्या आधी पाळकसाहेब सांगायचे, ज्याच्या मनात कुणाबद्दल वैर असेल त्यानं आधी समेट करावा आणि मग या मेजाजवळ यावं. हे ऐकलं की बाबा टोपी उचलून गुपचूप बाहेर जायचे. बाकीचे कुणी उठत नसत. म्हणजे त्यांची कुणाशी भांडणं नव्हती असं नाही बरं का. हन्नाआत्यासुद्धा ताठ मानेनं पुढे जाऊन भाकर घ्यायची. बाबा मात्र बागेत कर्दळीपाशी उभे राहायचे, आणि तबीला चर्चच्या खिडकीतून त्यांची पाठ दिसायची.

नाताळच्या आधीचा रविवार होता. तबी मुठीचं मडकं कडेवर घेऊन बागेतून चालली होती. तेवढ्यात शेवंतीच्या एका फुलावरून अगदी बारीक आवाज आला, "आक् छी!"

तबी वाकून बघते तर काय! बोटभर उंचीची एक परी! तिचा झगा आंब्याच्या मोहराच्या रंगाचा होता, केसांत जुईच्या कळ्या होत्या आणि डाव्या पंखावर दवाचा टपोरा थेंब पडून पंख फुलाला चिकटला होता. परी थंडीनं कुडकुडत होती.

"थांब हं," तबी म्हणाली. तिनं मडकं खाली ठेवलं, परीला अलगद तळहातावर घेतलं आणि पंखावर हलके हलके फुंकर घातली. हूऽऽ हूऽऽ. पंख सुकला, फडफडला आणि त्यातून सोनेरी भुकटी उडाली.

"तू देवदूत हाईस का?" तबीनं विचारलं.

परी खुदकन हसली. "छे गं! देवदूत केवढे मोठे! मी आपली बागेतली परी. ज्यानं तुला घडवलं त्यानंच मला घडवलं, आणि सांगितलं, फुलांची झाडलोट करत जा. चल, तू माझा पंख वाचवलास. ह्या घे तीन कळ्या. एक कळी तुझ्या मुठीच्या मडक्यात टाकायची, डोळे मिटायचे आणि हवं ते मागायचं."

तबीला क्षणभरही विचार करावा लागला नाही. "बाबांचं आन् आत्याचं भांडण मिटू दे!"

परीचे पंख खाली झुकले. "तेवढं मला जमत नाही, राणी. हा पहिला नियम. माणसाच्या मनाला कडी असते ना, ती आतून असते. देवसुद्धा बाहेर उभा राहून दार वाजवतो, तोडत नाही. मग मी कोण?"

"आन् दुसरा नियम?"

"जे मिळेल त्यातली पहिली मूठ, ज्याच्यावर तुझा राग असेल त्याला द्यायची. सूर्य मावळायच्या आत."

"माझा कुनावरबी राग न्हाई," तबी म्हणाली.

"मग काय, फारच सोपं!" परी डोळे मिचकावत म्हणाली आणि जुईच्या पानाआड गेली.

दुपारी बाबा कुठे काम मिळतं का पाहायला शेजारच्या गावी गेले, आई महिला मंडळाच्या सभेला. तबी चुलीपुढे बसून विचार करू लागली. नाताळात आमच्याकडे फराळाची ताटं घरोघर जातात. ताटावर क्रोशाचा रुमाल असतो, आणि आलेलं ताट कुणी रिकामं परत करत नाही. दोन वर्षं तबीच्या घरून एकही ताट गेलं नव्हतं. घरात फराळ झाला तर ताटं निघतील, ताटं निघाली तर कुणी सांगावं, एखादं भिंतीपलीकडेही जाईल! तिनं कळी मडक्यात टाकली आणि डोळे मिटले.

उघडते तर काय! रवा, मैदा, साखर, खोबऱ्याच्या वाट्या, चारोळ्या, आणि बरणीभर पिवळंधमक तूप! तबी टुणकन उडी मारून उठली. पहिली मूठ रवा आणि साखर तिनं वाटीत घातली आणि धावत घंटा वाजवणाऱ्या पेत्रसआजोबांना नेऊन दिली. आजोबा तिचे लाडके. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.

सूर्य मावळला आणि रव्याची झाली पांढरी शेवंती. साखरेची झाली जुई. तुपाच्या बरणीत पिवळ्या पाकळ्या! सगळं स्वयंपाकघर दरवळलं, आणि खायला मात्र एक कण नाही. पेत्रसआजोबांच्या वाटीतसुद्धा फुलंच. आई आली आणि ओरडली, "अगं, येवढी फुलं कशापायी तोडलीस?"

तबी रात्री उशीत तोंड खुपसून रडली, आणि रडता रडता तिला एक गोष्ट आठवली. पावसाळ्यात पाळकसाहेब घरी आले होते आणि चहाला साखर नव्हती. तबी भिंतीपाशी जाऊन ओरडली होती, "आत्या, वाटीभर साखर देती का?" आणि आत्यानं धाडकन खिडकी लावली होती. पाळकसाहेब गुळाचा चहा प्याले, वर छान आहे म्हणाले. पण ती खिडकी तबीच्या मनात अजून वाजत होती.

सकाळी ती बागेत गेली. "परी, माझा राग हाय. आत्यावर."

"केवढा?"

"थोडासा." मग खाली बघत, "ह्या बागेयेवढा."

"बरं झालं सांगितलंस," परी म्हणाली. "आपल्याला राग नाही असं म्हणणाऱ्यांचं फार अवघड असतं बघ."

दुसरी कळी मडक्यात पडली. या वेळी आई घरीच होती. ती सामान बघतच राहिली. तबीनं परीचं सांगितलं, तर आई हसली. "मंडळीतल्या कुनीतरी गुपचूप ठिवलं असंल. देव त्याचं भलं करो." आईनं चूल पेटवली. पहिल्या घाण्याच्या करंज्या निघाल्या, खुसखुशीत आणि सोनेरी. तबीनं त्या ताटात रचल्या आणि वर आईच्या लग्नातला रुमाल घातला.

"कुनाकडं?" आईनं विचारलं.

"आत्याकडं."

आईचा झारा कढईवरच थांबला. मग ती हळूच म्हणाली, "जा. पडू नकोस."

तबीनं आत्याच्या दाराची कडी वाजवली. हन्नाआत्यानं दार उघडलं. "कुनी धाडलं? तुझ्या बापानं?"

"न्हाई. मीच आनलं." तिनं ताट पुढे केलं. "आत्या, मी तुझ्यावर लई रागावले व्हते. तू खिडकी लावलीस ना, तवापासनं. आता न्हाई. मला माफ कर."

आत्यानं ताट घेतलं. दार लावलं. या वेळी हळू लावलं, एवढंच.

संध्याकाळ झाली. करंज्या करंज्याच राहिल्या. बाबांनी दोन खाल्ल्या, घरोघर ताटं गेली आणि भरून परत आली. फक्त भिंतीपलीकडून ताट आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तबी सारखी दाराशी जाऊन बघायची.

नाताळची सकाळ उजाडली. चर्चमध्ये कागदी चांदण्या झुलत होत्या आणि मेणबत्त्यांचा वास भरला होता. भजनं झाली, उपदेश झाला. पाळकसाहेब मेजाजवळ उभे राहिले आणि त्यांनी समेटाचे ते नेहमीचे शब्द म्हटले. बाबांनी टोपी उचलली आणि ते बाहेर निघाले.

आणि बायकांच्या बाजूच्या पहिल्या बाकावरून हन्नाआत्या उठली! साऱ्या मंडळीच्या माना वळल्या. तिच्या पदराखाली काहीतरी होतं. ती ताड ताड चालत बाबांच्या मागोमाग बागेत गेली. तबीनं खिडकीच्या गजांना नाक लावलं. मीही लावलं, खोटं कशाला बोलू!

"शांतू," आत्यानं हाक मारली.

बाबा वळले. आत्यानं पदराखालून ताट काढलं. त्यावर आईचा रुमाल होता, धुऊन इस्त्री केलेला.

"ताट रिकामं परत देऊ न्हाई म्हनत्यात. घरात शोधलं, द्यायजोगं काय घावंना. मंग हे घावलं." तिनं रुमाल उचलला. ताटात पेटीची किल्ली होती. "चूक माझी, आन् माफी मागाया तुझी येवढीशी पोर आली रे! ती करंजी माझ्या घशाखाली उतरंना. दोन वर्सं मी त्या मेजाशी जाऊन भाकर खाल्ली, ती कशी उतरली मला?"

बाबांच्या हातून टोपी पडली. "ताई," ते म्हणाले, "भिंत मी घातली." आणि गवंड्याचे ते मोठाले खरखरीत हात तोंडावर धरून ते रडू लागले. आत्या त्यांची पाठ थोपटत राहिली.

आत पाळकसाहेब भाकर हातात धरून थांबले होते. त्यांनी घाई केली नाही. दोघं आत आली, शेजारी शेजारी गुडघे टेकून बसली, आणि मग प्रभुभोजन सुरू झालं. त्या दिवशी आणखी तिघेजण उठून बाहेर बागेत गेले आणि थोड्या वेळानं परत आले. कोण ते मी सांगणार नाही.

संध्याकाळी पेटी तबीच्या घरी आणून उघडली. पण हाय रे! उंदरांनी भाता कुरतडला होता. बाबांनी बोटं ठेवली तर नुसता फुस्स आवाज. आत्याचा चेहरा उतरला. तबी मडकं घेऊन खिडकीशी पळाली आणि तिसरी कळी तिनं आत टाकली.

कुरतडलेला भाता आपोआप सांधला गेला आणि हवेनं भरला. पेटीतून असा गोड सूर निघाला की आईनं चुलीवरून नजर उचलली.

खिडकीच्या चौकटीवर परी बसली होती. "पहिली मूठ कुणाला, तबी?"

तबीनं मनात शोध शोध शोधलं. "खरंच कुनावर राग न्हाई उरला," ती म्हणाली. "मंग पहिलं गानं तुलाच!"

बाबांनी पेटी धरली, आत्यानं सूर लावला. दोन वर्षं कोंडलेला तो सूर खिडकीतून पलीकडच्या चर्चच्या बागेवर गेला. परीचे पंख उजळले, आधी पिवळे, मग केशरी, मग शुभ्र. सगळी शेवंती दिव्यांसारखी उजळून निघाली, आणि त्या लखलखाटात परी हळूहळू दिसेनाशी झाली. तबीच्या मडक्यात काठोकाठ तांदूळ भरले होते. तिनं त्यातली पहिली मूठ काढून बाजूला ठेवली.

बाबांनी वसंतात भिंत पाडली आणि तिच्या दगडांचा ओटा बांधला. त्या ओट्यावर बसून मी कितीतरी संध्याकाळी ती पेटी ऐकली आहे. आता तबी दूरच्या गावी आहे, तिला नातवंडं आहेत. बाग गेली. एक रीत मात्र तेव्हापासून आमच्यात राहिली आहे. नाताळचं पहिलं ताट जातं ते ज्याच्याशी बोलणं नसेल त्याच्या दारात.

यंदा माझं ताट कुणाकडे जाणार, ते विचारू नका. करंज्या तळून झाल्या आहेत, रुमालही धुतला आहे. आता फक्त उठायचं तेवढं राहिलं आहे.