मृगावतीचे वय

एका राज्यात कुणालाच आपले वय ठाऊक नव्हते. कृष्णांजन नावाच्या मांत्रिकाने शाप देऊन वर्षांची आठवण पुसून टाकली होती. जन्मपत्रिकाही कोऱ्या झाल्या होत्या.

एके सकाळी तो दरबारात येऊन राजा धवलसेनाला म्हणाला, "युद्धात मदत घेताना तू शब्द दिलास. राजकन्या सोळा वर्षांची झाली की ती माझी. आज ती सोळाची झाली."

मृगावती आईइतकी उंच होती. नाही म्हणावे, तर पुरावा नव्हता. राणीने मुलीचा हात घट्ट धरला.

तेव्हा म्हातारी राजवैद्या हिराऊ पुढे झाली. "वय मी सांगते."

"तीन खुणा दे," मांत्रिक हसला. "सिंहासनावरची साळुंकी निवाडा करील. खरी ठरलीस तर शाप सुटेल, खोटी ठरलीस तर दगड होशील."

ती साळुंकी माणसासारखी बोले, आणि खोटे तिला सोसत नसे.

"हिराआजी, नको गं," मृगावती कुजबुजली.

"तोंड उघड, बाळ."

हिराऊने तिच्या दातांवरून बोट फिरवले. "सहाव्या वर्षी येणारी दाढ झिजली आहे. तिच्यामागची, बाराव्याच्या सुमाराची, आत्ता कुठे हिरडी फोडते आहे. ही पहिली खूण. दुधाचा एक सुळा अजून हलतो आहे. ही दुसरी."

"आणि तिची उंची?" मांत्रिक गरजला.

हिराऊने मायलेकींना शेजारी बसवले, दोरा धरला. उभी राहिली की आईइतकी असणारी मुलगी बसल्यावर आईच्या कानाशीच आली. "वाढत्या वयात पाय आधी लांबतात, धड मागून येते. हिचे धड अजून यायचे आहे. ही तिसरी."

"मग नेमके वय सांग!"

एक आकडा हिराऊच्या ओठांवर होता. तो तिने गिळला.

"शरीर म्हणजे पंचांग नव्हे. अकराच्या वर, तेराच्या आत. याहून नेमके सांगेन, तर ते खोटे असेल."

साळुंकीने मान वाकडी केली.

"खरे बोलली," साळुंकी म्हणाली.

कृष्णांजन धुके होऊन खिडकीतून कायमचा विरून गेला. कोऱ्या पत्रिकांवर अक्षरे उमटली आणि साऱ्या नगराला आपापली वर्षे आठवली. मृगावतीला बारा वर्षे नि दोन महिने झाले होते.

"म्हणजे मी अजून लहान आहे?" तिने विचारले.

"आहेस, माझे बाई. पुष्कळ लहान," हिराऊ म्हणाली.

सकाळपासून मोठ्या बाईसारखी ताठ उभी असलेली ती पोर हिराऊच्या कुशीत शिरली आणि मोकळेपणाने रडली. त्या राज्यात त्यानंतर कुणाचेही बालपण वेळेआधी संपले नाही.