भूक लागल्याची ओळ

एकदा एका शाळामास्तरांवर पोषण आहाराची खिचडी चाखण्याची पाळी आली होती. मुलांना वाढण्याआधी कुणा शिक्षकानं ती चाखायची, अशी तिथली पद्धत. मास्तरांनी घास घेतला. मीठ कमी होतं. तसं ते म्हणणार, तोच खिशातला फोन वाजला. पलीकडे एसटीचा कंडक्टर होता. बाईंच्या फोनात 'दादा' या नावानं हा नंबर सापडला, असं तो म्हणाला आणि मग चाचरत पुढचं बोलला. मास्तरांची धाकटी बहीण हेमांगी बसमध्ये बसल्या जागीच गेली होती.

मास्तरांनी फोन खिशात ठेवला. खिचडी करणाऱ्या बाई अजून त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या.

"ठीक आहे," मास्तर म्हणाले, "वाढा."

त्यानंतर कुणी काहीही विचारलं, तरी मास्तर ठीक आहे एवढंच सांगू लागले. नातेवाइकांनी विचारलं, शाळेत विचारलं. उत्तर ऐकून प्रत्येकाला हायसं वाटे आणि बोलणं दुसरीकडे वळे.

हेमांगी खाडीकाठच्या गावांत पाण्याचं काम करत असे. उन्हाळ्यात उधाण आलं की तिथल्या काही विहिरींत खारं पाणी झिरपतं आणि पिण्याचं पाणी मचूळ होतं. कोणती विहीर केव्हा बिघडते, हे तिला पक्कं शोधायचं होतं. गावोगावच्या बायका पोहऱ्यात पाण्यातले क्षार मोजणारं टीडीएस मीटर बुडवून दिसेल तो आकडा तिला फोनवरून पाठवत. आकड्यांचा एवढा ढीग साठला, की नेहमीच्या तक्त्याची फाइल उघडतानाच संगणक गोठू लागला. म्हणून ती त्यासाठी एक प्रोग्रॅम लिहीत होती. तोही शिकत शिकतच.

तिची पिशवी मास्तरांकडे आली. तीत मीटर होतं आणि ती वारली त्या सकाळी तिनं एका विहिरीतून भरलेली पाण्याची बाटली. मास्तरांनी दोन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या.

काही आठवड्यांनी प्रमिलावहिनींचा फोन आला. आकडे पाठवणाऱ्या बायकांत त्या सर्वांत जुन्या.

"मास्तर, वाईट नका वाटून घेऊ. पण ताई म्हणालेल्या, ग्रामसभेच्या आधी सांगते म्हणून. नळयोजना कुठल्या विहिरीवर घ्यायची ते ठरणार आता. सगळे देवळाच्या विहिरीवर अडून बसलेत, पाणी भरपूर म्हणून. ताईंना तिचीच शंका होती. एकदा पंप बसला की पुन्हा कोण हलवतोय? आमच्या पोरांनी मग जन्मभर मचूळ पाणी प्यायचं."

"ठीक आहे," मास्तर म्हणाले, "मी बघतो."

मास्तरांना प्रोग्रॅममधलं काही कळत नव्हतं. त्यांनी हेमांगीच्या संगणकावरचं सगळं आपल्या संगणकावर घेतलं. मग पुढचं शोधू लागले. लिहिलेला प्रोग्रॅम जसाच्या तसा चालत नाही, हे त्यांना पहिल्यांदाच समजलं. एक साधन तो वाचतं, लागणारे सुटे भाग बाहेरून मागवतं, सगळं जुळवतं आणि चालवण्याजोगी एक फाइल बांधून देतं. त्याला बिल्ड टूल म्हणतात. मास्तरांनी ते बसवलं आणि आज्ञा दिली. पडद्यावर बऱ्याच ओळी सरकल्या आणि शेवटी हिरव्या अक्षरांत आलं, बांधणी यशस्वी.

त्यांना आनंद झाला. पण बांधलेली फाइल चालवायला जावं, तर संगणक म्हणे, असा प्रोग्रॅमच सापडत नाही.

पुन्हा बांधलं. यशस्वी. पुन्हा चालवलं. सापडत नाही.

मास्तर चक्रावले. एकानं सांगितलं, साधनाची जुनी आवृत्ती घ्या. दुसऱ्यानं सांगितलं, जुनीमुळेच होतंय, नवी घ्या. मास्तरांनी दोन्ही घेतल्या. मग कोणती चालू आहे तेच कळेना. संगणक बंद करून सुरू केला, साधन काढून पुन्हा बसवलं. प्रत्येक वेळी हिरवी ओळ येई आणि हाती काही लागत नसे. जे झालं असं यंत्र सांगतंय ते झालेलं का नाही, हा विचार त्यांच्या डोक्यातून जाईना. वर्गात शिकवतानाही ते मध्येच थांबून खिडकीबाहेर बघत राहत.

ग्रामसभा जवळ आली, तेव्हा कुणीतरी त्यांना एका वृद्ध सरांचं घर दाखवलं. सर तंत्रनिकेतनात संगणक शिकवून निवृत्त झाले होते. मास्तर रविवारी संगणक घेऊन गेले.

"या मास्तर," सर म्हणाले. "आज शिक्षकाला विद्यार्थी व्हायचंय म्हणायचं. छडी आणू का?"

मास्तर हसले नाहीत. त्यांनी सगळी हकिगत सांगितली. बोलताना त्यांचा क्रम चुकत होता. मध्येच खिचडीचं आलं, मध्येच दोन आवृत्त्यांचं. सरांनी कुठंही अडवलं नाही. मग संगणक आपल्यापुढे ओढला, हेमांगीचा प्रोग्रॅम उघडला आणि त्याच्या मधोमध साध्या मराठीत एक ओळ लिहिली: मला फार भूक लागली आहे.

मास्तर अर्धवट उठले. "सर, हे काय? ते तिचं आहे. तिच्या हातचं आहे!"

"दिसतंय मला. बसा."

"अहो, पण असं बिघडवून—"

"बांधायची आज्ञा द्या."

"आता काय बांधणार? आता तर मुळीच नाही होणार."

"द्या तर खरी."

मास्तरांनी नाइलाजानं आज्ञा दिली. ओळी सरकल्या. शेवटी हिरव्या अक्षरांत आलं, बांधणी यशस्वी.

 मास्तरांना काहीच उमगेना.

"अहो, मी तुमच्या प्रोग्रॅमच्या पोटात भूक लागल्याचं लिहिलं," सर म्हणाले, "आणि या साधनाला काडीचाही फरक पडला नाही. इतकं सोशिक साधन कुठं असतं का? एखाद्या स्वल्पविरामासाठी भांडणारी जात ही. याचा अर्थ काय?"

"काय?"

"तुम्हीच सांगा. वर्गात एखादं पोर निबंधात काहीबाही लिहितं आणि गुरुजी खाली 'उत्तम' शेरा मारतात. काय झालं असेल?"

 मास्तर हळूच म्हणाले, "गुरुजींनी निबंध वाचलेला नाही."

"तसंच हे. हे तुमच्या बहिणीचा प्रोग्रॅम वाचतच नाही. एका ठरलेल्या नावाच्या फोल्डरमध्ये ते बघतं, तिथं जे असेल तेच बांधतं. तिथं काय आहे?"

मास्तरांनी तो फोल्डर उघडला. रिकामा होता.

"आणि तुम्ही कुठं ठेवलंय?"

मास्तरांनी 'हेमांगी' नावाचा फोल्डर दाखवला. त्यात सगळं होतं, प्रोग्रॅम, आकडे, उधाणांच्या तिथी, तिचे फोटो. "तिचं इकडंतिकडं पसरू नये," ते म्हणाले, "म्हणून मी एकत्र केलं."

 सरांनी पडद्यावरच्या ओळी वर सरकवून एका ओळीवर बोट ठेवलं. बांधण्याजोगं काही सापडलं नाही, असं तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं.

"साधन खोटं बोललं नव्हतं मास्तर. सांगितलेलं सगळं मी केलं, एवढंच ते म्हणत होतं. करायला काही नव्हतंच. तिनं प्रोग्रॅम जिथं वाचला जाईल तिथं ठेवला होता. तुम्ही तो उचलून देवघरात ठेवलात. तिथं त्याला धक्का लागत नाही, हे खरं. पण तिथं तो चालतही नाही. जिथं तक्रार ऐकू येते, तिथंच कुणीतरी वाचत असतं. म्हणून मी मुद्दाम तक्रारीची सोय करून बघितली." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला लोक विचारतात, तेव्हा तुम्ही काय सांगता?"

"ठीक आहे म्हणतो."

"हं," सर म्हणाले.

प्रोग्रॅम त्याच्या जागी ठेवायला मास्तरांनी वेळ लावला. तिच्या नावाच्या फोल्डरमधून फाइल बाहेर काढताना त्यांचा हात दोनदा मागं आला. शेवटी त्यांनी ती हलवली आणि आज्ञा दिली. या वेळी पडदा लाल झाला. पहिलीच तक्रार भूक लागल्याच्या ओळीची होती.

"वाचलं!" सर ओरडले. "वाचलं बघा लेकानं!"

ती ओळ खोडली, तरी लाल अक्षरं गेली नाहीत. पुढच्या तक्रारी हेमांगीच्या ओळींच्या होत्या. काही ठिकाणी तिचं चुकलं होतं. एक ओळ तर तिनं अर्ध्यावरच सोडली होती. मास्तरांनी ती अर्धी ओळ पुन्हा पुन्हा वाचली. इतके दिवस त्यांना वाटत होतं, की तिनं सगळं पुरं केलेलं आहे.

"हे मी लिहायचं?" त्यांनी विचारलं.

"मग कोण? मी सांगतो, तुम्ही लिहा. पण आधी जेवू. ती ओळ काही अगदीच खोटी नव्हती."

सरांच्या सूनबाईंनी पानं वाढली. मास्तर खाली मान घालून जेवत होते. "भाऊ, आमटी बरी झालीय ना?" सूनबाईंनी विचारलं.

मास्तर थांबले. त्यांनी आणखी एक घास घेतला. "मीठ कमी आहे," ते म्हणाले, आणि त्यांना एकदम रडू फुटलं. डावा हात तोंडावर धरून ते तसेच बसून राहिले.

सूनबाई गोंधळल्या. "अगं बाई, एवढं काय... बाबा, खरंच कमी आहे का हो?"

"आहे," सर म्हणाले. "बरणी आण. आणि त्यांना बसू दे जरा."

राहिलेल्या ओळी मास्तरांनी पुढच्या काही संध्याकाळी बसून दुरुस्त केल्या. अर्धी ओळ त्यांनी स्वतः पुरी केली. प्रोग्रॅम चालला, तेव्हा त्यातून एक आलेख निघाला. देवळाच्या विहिरीचा खारटपणा प्रत्येक उधाणाबरोबर वर चढत होता आणि दर वर्षी थोडा अधिक. पिंपळाखालच्या विहिरीची रेघ जवळजवळ सरळ होती. ग्रामसभेत प्रमिलावहिनींनी तो कागद भिंतीला लावला. पुष्कळ आरडाओरडा झाला. पण कागदावरचे आकडे तिथल्याच बायकांनी काढलेले होते, आणि त्या पुढच्या रांगेत बसल्या होत्या. नळयोजना पिंपळाखालच्या विहिरीवर घ्यायचं ठरलं.

हेमांगीच्या पिशवीतली बाटली देवळाच्या विहिरीची होती. त्या विहिरीचं पाणी नंतर वहिनींनी नव्यानं मोजून आकडा पाठवला, म्हणून कामाचं काही अडलं नाही. बाटली अजून मास्तरांच्या टेबलावर आहे. शेजारी मीटर आहे. त्या बाटलीतलं पाणी मोजायचं राहिलं आहे.