खिंडीच्या अलीकडे

“...म्हणजे परत जायचं, की नाही जायचं? एवढंच सांगा, लामाजी.”

लामाजी उकडलेला बटाटा सोलत होते. बटाटा गरम होता. त्यांनी तो या हातातून त्या हातात टाकला, वर फुंकर मारली.

“जेवली का?”

चैत्राली वाघचौरेनं ओठ घट्ट मिटले. नेपाळच्या या टोकाला, एवढी उंची चढून ती काही जेवणाची चौकशी ऐकायला आली नव्हती.

“भूक नाही.”

“काल?”

“कालही नव्हती. ते जाऊ दे. माझा प्रश्न...”

“बटाटा घे. मीठ लावून बरा लागते.”

आता या लामांची मराठी. नवा माणूस ऐकतो आणि चाटच पडतो. पण त्यात चमत्कार काही नाही. तिबेटी निर्वासितांची एक वसाहत विदर्भात आहे, भंडाऱ्याच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला. तिथं हे लहानाचे मोठे झाले. तिथल्याच पोरांबरोबर तळ्यात डुंबले, मारामाऱ्या केल्या, मार खाल्ला. मग दीक्षा, मग हिमालय, मग हा गोंपा, खिंडीखालचा मठ. हाडं म्हातारी झाली, जीभ मात्र तिकडचीच राहिली. मराठी माणूस आला की म्हातारबुवांना कोण आनंद!

सकाळी चैत्रालीलाही आनंद झाला होता. तिला वाटलं, हा संकेतच. इतक्या लांब आपल्याच भाषेतला गुरू भेटतो म्हणजे काय! अलीकडे तिला सगळ्यातच संकेत दिसत. दगडांच्या राशीत, गिधाडाच्या घिरट्यांत, चहाच्या वाफेतसुद्धा.

बाई हुशार. पुण्यातल्या एका विमा कंपनीत तिच्या हाताखाली मजलाभर माणसं. एक दिवस तिनं वर्षाची बिनपगारी रजा टाकली, पाठीवर पिशवी चढवली आणि निघाली. जॉर्जिया झालं, किर्गिझस्तान झालं, पेरू झालं. डोंगरामागून डोंगर. नातेवाइकांनी नाकं मुरडली. चांगली खुर्ची, चांगलं चाललेलं, हिला ही काय अवदसा आठवली! तेव्हा आई एकटी पुढे झाली. “ती जातेय. कोणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा,” म्हणाली. मग कोणी विचारलं नाही.

आता रजा संपत आली होती. खालच्या गावात फोनला रेंज आली, तेव्हा साहेबांचा निरोप येऊन पडला होता. वरची जागा रिकामी होतेय, येणार का? शुक्रवारपर्यंत कळव, नाहीतर दुसऱ्या कोणाला तरी देतो.

“ऑफिसच्या खिडकीतून सिंहगड दिसायचा,” चैत्राली म्हणाली. “जीव सारखा तिकडे लागायचा. आता रोज डोंगरात आहे, तर पहाटे दचकून जाग येते. वाटतं, मीटिंगला उशीर झाला. मी ना धड इकडची, ना धड तिकडची. मला खरंच काही कळेनासं झालंय. हसू नका.”

“हसून नाई राहिलो.”

“उद्या खिंड ओलांडायचीय. सगळे म्हणतात, तिथं उभं राहिलं की डोकं लख्ख होतं. म्हणून तर मधला विसाव्याचा दिवसही घेतला नाही, तशीच वर आले. मिळेल ना तिथं उत्तर?”

लामाजींनी दाराकडे पाहिलं.

दारात पेम्बा उभा होता. तिचा वाटाड्या. चाळिशीचा, अबोल माणूस. विसाव्याचा दिवस टाळू नका, असं तो तिला हिंदीतून परोपरीनं सांगून थकला होता. सकाळी तोच तिला इथं घेऊन आला, लामांचं दर्शन घ्या म्हणून. ती खूश झाली होती.

पेम्बानं नुसती नकारार्थी मान हलवली.

“डोकं दुखते?” लामाजींनी विचारलं.

“थोडंसं. एवढ्या उंचीवर होतंच की. पेरूत मी याच्याहून वर गेलेय.”

“झोप?”

“लामाजी, तुम्ही काय करताय ते मला कळतंय. भूक, झोप, दुखणं, हे सगळे देहाचे खेळ. त्याच्या पलीकडे कोण आहे ते शोध. असंच ना?”

“मी कायले असं म्हणू?” लामाजी खरोखरच बुचकळ्यात पडले.

हुशार माणसांचं हेच अवघड असतं. त्यांना साधं काही विचारायची सोय नसते.

“बरं,” लामाजी म्हणाले. “त्या साहेबाचं नाव काय?”

“कुठल्या?”

“हापिसातल्या. ज्याले उत्तर द्यायचं हाय.”

“त्यांचं...” तिनं तोंड उघडलं. “त्यांचं नाव... अहो, आत्ता तर...”

बाहेर पताका फडफडत होत्या.

“चष्मा लावतात. सांगलीचे आहेत. त्यांचं...”

आणि एकदम तिचा चेहरा फुलला.

“विसरले! लामाजी, मी नावसुद्धा विसरले! इतकी वर्षं रोज ज्या माणसासमोर बसले, त्याचं नाव माझ्या डोक्यातून गेलं! म्हणजे सुटलेच की मी! हेच उत्तर ना? हेच मला दाखवायचं होतं ना तुम्हाला?”

तिनं आनंदानं टाळी वाजवली. एक तळवा दुसऱ्यावर नीट बसला नाही, मनगटावर आपटला.

लामाजी हसले नाहीत. त्यांनी बटाटा खाली ठेवला.

“अन् तुया मायचं?”

“काय?”

“मायचं नाव काय?”

“असं काय विचारता!” ती हसली. “सुमन. नाही... सुमन मावशी. आईचं...”

...

“आईचं...”

...

चैत्रालीनं कपाळ दोन्ही हातांनी दाबलं. तिला आईचं कुंकू दिसत होतं, आईची हिरवी वही दिसत होती, गच्चीवर वाळत घातलेले पापड दिसत होते. नाव तेवढं येत नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्या रडण्यात अध्यात्म काही नव्हतं. ती घाबरली होती, जत्रेत हात सुटलेलं पोर घाबरतं तशी.

“लामाजी... मला आईचं नाव आठवत नाहीये.”

“उठ.”

अंगणात दगडी फरशी होती. फरशीच्या दोन ओळींमधून एक सरळ रेघ दारापासून फाटकापर्यंत गेली होती. लामाजींनी काठीनं ती दाखवली.

“हिच्यावरून चाल. एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटाले लाव. अशी.”

चैत्रालीनं डोळे पुसले. रेघेकडे पाहिलं. एवढं झालं तरी डोकं आपलं घोडं पुढे दामटतच होतं.

“तोंड कुठं करू? खिंडीकडे, की खाली गावाकडे?”

“कोणीकडंबी कर.”

“पण सगळं त्यातच तर आहे ना, लामाजी? कुठल्या दिशेला...”

“चाल नं वं माय!”

ती खिंडीकडे तोंड करून उभी राहिली. दुसरीकडे कशाला राहील!

एक पाऊल पडलं. दुसरं पडलं. तिसरं रेघेवर यायला हवं होतं, ते चांगलं वीतभर बाजूला गेलं.

“दगडच वाकडे आहेत,” ती म्हणाली आणि पुन्हा सुरुवात केली.

या वेळी ती सगळीच कलली. पेम्बा तयारच होता. त्यानं तिला वरच्यावर धरलं.

लामाजींनी एवढ्या वेळात तिच्या चेहऱ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. खिंडीकडेही पाहिलं नव्हतं. ते तिच्या पायांकडे बघत होते.

“कळलं,” चैत्राली धापा टाकत म्हणाली. “वाट सरळच असते. आपणच...”

“काई नाई कळलं तुले!”

लामाजी ओरडले. त्या गोंप्यात त्यांचा चढलेला आवाज कोणी ऐकला नव्हता. पेम्बासुद्धा दचकला.

“तुले उंची लागली हाय. मेंदूले सूज येऊन राहिली. रातभर इथं राहिली तं सकाळी उठणार नाई तू. आत्ता खाली चाल.”

“खाली?”

“खाली.”

“पण खिंड... उद्या...”

“खिंड कुठं पळून नाई जात.”

“म्हणजे परत फिरायचं?” तिचा आवाज चिरकला. “इथपर्यंत येऊन? मी आजवर कुठूनही परत फिरलेली नाही, लामाजी. एकदाही नाही. आणि माझं उत्तर? शुक्रवारी मी काय सांगू त्यांना?”

लामाजी खाली वाकले. त्यांचे गुडघे कुरकुरले. तिच्या बुटाची नाडी सुटली होती, कधीची कोण जाणे. त्यांनी ती ओढून बांधली. मग दुसऱ्या बुटाची सोडली आणि तीही पुन्हा बांधली.

“अहो, हे काय! माझ्या पायांना हात नका ना लावू...”

“उतरताना बोटं पुढं आपटतात,” लामाजी गाठ मारत म्हणाले. “घट्ट पायजे.”



ते उतरले. गुडघ्यांमुळे लामाजींनी कधीचं उतरणं सोडलं होतं, त्या दुपारी ते उतरले. चैत्राली आधी हुज्जत घालत होती. मग नुसतीच पुटपुटत होती. मग एका वळणावर ती ओकली आणि तिथंच बसली. पेम्बानं तिची पिशवी काट्यांत टाकून दिली आणि तिला पाठीवर घेतलं. लामाजी काठी टेकत मागून येत होते आणि सारखं काहीबाही विचारत होते. शाळा कोणती? शाळेच्या रस्त्यात काय लागायचं? भाजी कोणती आवडते? उत्तर आलं की “हाव, हाव” म्हणायचे. उत्तर यायला वेळ लागला की पेम्बाला म्हणायचे, “चाल, चाल.”

सूर्य डोंगराआड गेला तेव्हा नदीचा आवाज ऐकू आला.

सकाळी चैत्राली नदीकाठच्या गावात, एका घरात, जाड रजईखाली जागी झाली. कुठे आहोत ते कळायला थोडा वेळ लागला. मग ती मोठ्यानं म्हणाली,

“कुमुदिनी.”

पुन्हा म्हणाली. पुन्हा. म्हणता म्हणता रडली. मग तिला सडकून भूक लागली. ताटलीभर बटाटे मीठ लावून खाल्ले, आणखी मागितले.

मग तिनं आईला फोन लावला.

“आवाज असा का येतोय तुझा?” आई म्हणाली.

“काही नाही. आई, तुझं नाव किती छान आहे गं.”

“डोक्यावर पडलीस का?”

चैत्राली हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

साहेबांचंही नाव आठवलं. देवधर. ते आठवल्यावर तिला जरा वाईटच वाटलं.

लामाजी बाहेर उन्हात दगडावर बसून गुडघ्यांना तेल चोळत होते. ती त्यांच्यासमोर जाऊन बसली. पाया पडली. त्यांनी पाय आखडून घेतले.

“जीव वाचवलात तुम्ही.”

“उचललं पेम्बानं. मी नुसता बडबडत आलो.”

ती जरा पुढे सरकली.

“लामाजी... एक विचारू?”

“तोच ना?”

“तोच.” तिनं मान खाली घातली. “आता डोकं ठिकाणावर आहे. उद्या शुक्रवार. परत जायचं, की नाही? मला वाटलं होतं, वर गेलं की उत्तर मिळेल.”

“वर हवाच पुरत नाई वं. उत्तर कुठून पुरंल?”

“मग इथं सांगा. इथं तर भरपूर हवा आहे.”

लामाजींनी तेलाचा हात उपरण्याला पुसला. काठी घेऊन उठले. नदीकाठच्या मातीत त्यांनी एक लांब रेघ ओढली. तिचं एक टोक गोंप्याच्या, खिंडीच्या वाटेकडे होतं. दुसरं टोक सडकेकडे, जिथं शहरात जाणारी जीप उभी होती.

“चाल.”

ती उठली. टाचेला बोट, टाचेला बोट. रेघेच्या एका टोकापर्यंत गेली. वळली. दुसऱ्या टोकापर्यंत आली. पाऊल कुठेही ढळलं नाही. पेम्बा लांबून बघत होता, तो पहिल्यांदाच हसला.

चैत्राली रेघेच्या मधोमध येऊन उभी राहिली. वर खिंडीत बर्फ चमकत होतं. खाली जीपवाला टपावर सामान बांधत होता. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. गोंधळ होता तेवढाच होता. डोकं मात्र दुखत नव्हतं.

“लामाजी, आता तरी सांगा ना. कुठल्या बाजूला जाऊ?”

लामाजी चढाला लागले होते. मागे वळले नाहीत.

“बाजू कोण पाहते वं माय? मी तं पाय पाहून राहिलो होतो.”